पुलाच्या अलीकडे

वेस्ट व्हर्जिनिया
ता. ९ नोव्हेंबर

चि. क्लेटन यास,

मी, हार्लन एझ्रा स्टॅम्पर, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, कोळसा खाणीतून निवृत्त, आपल्या चर्चच्या पंचमंडळाचा सदस्य, हे पत्र स्वहस्ते लिहीत आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझी प्रकृती ठीक आहे. थंडी यंदा लवकर पडली. सफरचंदे बारीक निघाली.

राज्याच्या तपास खात्याच्या मिस कोव्हॅक पुन्हा येऊन गेल्या. जिवंतपणी दफनाचे पैसे भरून घेणारी तुझी कंपनी नदीपलीकडची, ओहायो राज्याची. आमच्या राज्यात धंदा करण्याचा परवाना तिने कधी काढलाच नाही. समन्स हातात द्यायचे तर तू पुलाच्या अलीकडे सापडायला हवास. वर्षभर तू पूल ओलांडलेला नाहीस. ही गोष्ट तुझ्या आईच्याही ध्यानात आली होती.

पहिले पैसे तिनेच भरले. "माझ्या पोराचा धंदा आहे," असे सांगत ती चर्चभर फिरली, म्हणून बाकीच्यांनी भरले. ऑगस्टमध्ये लुएला प्रॅटरचा नवरा वारला, तेव्हा तुझ्या कंपनीतून कोणी आले नाही. त्याला काउंटीच्या सरकारी खर्चाने पुरले. त्या रविवारी चर्चमध्ये लुएला तुझ्या आईच्या, ओपलच्या, शेजारून उठून मागच्या बाकावर गेली. जाता जाता म्हणाली, "लेकाला सांग गं, माझा माणूस मेलाय. आणखी काय पुरावा हवाय त्याला?"

ओपलने पुढे अंथरूण धरले.

"हार्लन, गाडी काढ ना. पलीकडे जाऊ, त्याला एकदा बघते नि मागं फिरू."

"भेटायचं तर पोरानं यावं. आई नाही जायची."

"आला तर ती बाई धरेल त्याला."

"धरू दे."

"तुला पोर नकोय," ती म्हणाली. "तुला जिंकायचंय."

गाडी चालू स्थितीत होती. टाकी भरलेली होती.

सोमवारी पहाटे ती गेली. तिच्या नावे पैसे भरलेले असल्यामुळे मी रीतीप्रमाणे तुझ्या कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकले.

दफन शनिवारी सकाळी आहे. मिस कोव्हॅक काल दारात उभ्या राहून म्हणाल्या, "स्टॅम्परसाहेब, शनिवारी मी येत नाही. त्याला आईला माती देऊ दे. समन्सचं नंतर बघू."

मी म्हणालो, "बाई, सवलत नको. तुम्ही या. पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी तुमची खुर्ची ठेवतो."

कळवणे माझे कर्तव्य होते, ते केले. तू वेळेवर पोचला नाहीस, तर शवपेटी बंद करण्याआधी थोडे थांबू, असे पास्टर म्हणतात. मी होकार दिलेला नाही.

तुझा जन्मदाता,
हार्लन ई. स्टॅम्पर

पत्र वाचून दाखवले तेव्हा हजर: लुएला प्रॅटर, पास्टर ऑर्विन डीन. पास्टरांनी सहीस नकार दिला. "हार्लन, हे पाठवू नकोस," असे म्हणाले. लुएलाने सही केली व पाकीट चिकटवले.