यमुनाला आलेलं हळदीकुंकवाचं कार्ड

जानेवारी १९९८, मंगळवार

सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर शेजारची यमुना! विधवा बाई, अन् हातात आमच्याच हळदीकुंकवाचं कार्ड. नातीनं तिच्या उधन्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरात गल्लीतल्या बायकांची नावं भरली, मजकूर एकदाच टाइप केला. मशीननं आपोआप एकेक नाव घालून कार्डं काढली. कोण सवाष्ण, कोण विधवा, त्याला काय ठाऊक?

"मावशी, चुकून आलं असंल तर जाते," यमुना दारातच.

सून माझ्याकडं बघायला लागली. मीही विधवाच, दरवर्षी आतल्या खोलीत बसून राहायची. आज मीच पुढं झाले.

"कार्डावर नाव तुझंच ना? मग बस की!"

तिला कुंकू लावलं. तिनं मला लावलं. अजून हात सारखा कपाळाकडं जातोय. पुसू का? नाही पुसत.

जाताना यमुना म्हणाली, बमरोलीच्या विधवा जावेला घेऊन शुक्रवारी परत कुंकवाला येते.