आईचा रांजण

प्रिय बतूल,
तुझ्यावर आणि अटबऱ्याच्या आपल्या घरावर शांती असो.

काल बरकलच्या डोंगराशी पोचलो. पडक्या देवळांशेजारून शाळेतली कविता म्हणत चाललो होतो, पण जीव आईने वाटसरूंसाठी वाटेवर ठेवलेल्या पाण्याच्या रांजणात अडकला होता. तिच्या माघारी फुटला असेल, असंच तू म्हणाली होतीस ना?

रांजण काठोकाठ भरलेला होता! घोटभर प्यालो, तोच झोपडीतून एक अनोळखी बाई ओरडली, "अहो हाजी, नुसतं पिऊन कुठे निघालात? एक बादली ओतून जायचं. आमनाबाईंची रीत आहे!"

मी कोण ते सांगितलंच नाही. विहिरीवरून दोन बादल्या आणून ओतल्या, एक तुझ्या नावाची. गुडघा जरा कुरकुरतोय, इतकंच. तुझा खोकला कसा आहे?

आमनाबाईंचा मुलगा आणि तुझा भाऊ,
तय्यिब