खिशातले हात

वॅरुंडी, ४ मे १९८७

चि. नेरिडास, अनेक आशीर्वाद.

तू विणलेले मोजे पोचले. डावा जरा मोठा झालाय, पण माझे पाय तरी कुठे सारखे आहेत! आता बातमी ऐक. अडुसष्टाव्या वर्षी तुझ्या भावावर खटला भरलाय. गुन्हा काय, तर भर रस्त्यात असभ्य हावभाव.

हसू नकोस. रोज सकाळी सातला डगन माझ्या फाटकावरून जातो आणि मी त्याला पंजा उलटा करून दोन बोटं दाखवतो, हातानं दिलेली शिवीच ती. सत्तेचाळीस साली मी त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला, तेव्हा पहिल्यांदा दाखवली होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं दुधाच्या गाडीतून परतफेड केली. तेव्हापासून चाळीस वर्षं आमची सकाळ अशीच सुरू होते.

तक्रार कुणाची, असं मी त्या नव्या पोलिसाला दरडावून विचारलं. डगनचीच निघाली. बायको बेरिल न्हात असताना त्यानं स्वतः फोन केला, की कुणीतरी अनोळखी म्हातारा मला रोज धमकावतो. त्याचं विसरणं वाढलंय हे ऐकून होतो. त्यात मीही गेलो असेन, असं मात्र मनात आलं नव्हतं.

तुझा,
अल्बी

होबार्ट, ११ मे १९८७

ती. अल्बीदादास, सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग चहा तसाच ठेवून रडत बसले. माझ्या लग्नात तुम्ही दोघांनी चर्चच्या दारातच बोटं दाखवली होती, आणि सासूबाई वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या.

पण दादा, कोर्टात तोंड चालवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. मॅजिस्ट्रेट म्हणेल त्याला मान हलव आणि हात खिशात ठेव. डगनला भीती वाटत असेल तर ती खरीच आहे ना? माझ्यासाठी एवढं ऐक.

प्रकृतीला जप. लोभ आहेच.

तुझी,
नेरी

वॅरुंडी, १५ जून १९८७

चि. नेरिडास, अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. कोर्टात बेरिलनं सगळी हकिगत सांगितली. मॅजिस्ट्रेटबाई भल्या होत्या. दोन बोटं म्हणजे गुन्हाच असं नाही, असं म्हणाल्या, पण ज्याला दाखवली तो भ्याला, तेव्हा ती मैत्री कशी म्हणायची, असं त्यांनी मलाच विचारलं. शिक्षा नाही, फक्त वर्षभर डगनला ती खूण करायची नाही.

तुझं ऐकलं. तीन आठवडे रोज सातला फाटकाशी उभा राहिलो, हात कोटाच्या खिशात. बेरिल त्याचा हात धरून न्यायची आणि तो माझ्याकडे न बघता जायचा.

गेल्या मंगळवारी तो थांबला. बेरिलच्या हातातून हात सोडवला, पंजा उलटा केला आणि दोन बोटं दाखवली. फटीचे दात काढून हसत होता गं, अगदी पूर्वीसारखा. समोर बेकरीपाशी पोलिसाची गाडी उभी होती. मी खिशातल्या खिशात मूठ आवळली. तो वाट बघत राहिला. मी हात बाहेर काढेपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता. हा माणूस कोण, असं त्यानं बेरिलला विचारलं आणि दोघं निघून गेली.

शनिवारी डगन गेला. झोपेतच.

शुक्रवारी दफन आहे. मला जायचंय. तिथं हात कुठे ठेवू, तेवढं कळव.

तुझा,
अल्बी

होबार्ट, १७ जून १९८७

ती. दादास, सा. न.

खिशात ठेव म्हणणारी मीच. ते आता जन्मभर बोचेल.

उद्याच्या विमानानं येतेय, हे पत्र हातातच देईन. शुक्रवारी शवपेटी खाली सोडतील तेव्हा दोन्ही हात बाहेर काढ आणि त्याला उत्तर दे. पोलीस आलाच तर त्याला सांग, बहिणीनं सांगितलं होतं.

तुझी,
नेरी