तुरटीच्या पाण्याची हकिगत

मु. देऊळघाट

आयु. महामायाताई विहीणबाई यांना अन्नपूर्णाचा मनापासून जयभीम.

इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत आणि सहदेवदादांचा खोकला थांबला का, ते कळवा. हे फोनवरच सांगितलं असतं, पण आमचा संघपाल फोन स्पीकरवर ठेवून जेवतो आणि ही गोष्ट ताटासमोर सांगण्यासारखी नाही. घाबरू नका, तुमची लेक, आपली समता, ठणठणीत आहे, सातवा संपत आलाय आणि पोटातला पाहुणा दिवसभर लाथा मारतोय.

झालं असं, की पाचव्या महिन्यात समताच्या अंगावरून थोडं पांढरं जाऊ लागलं. गरोदरपणात तेवढं जातंच, पण घरातल्या एका जाणत्या बाईंना ते काही पटेना. (या बाईंनी गावात स्वच्छतेची मोहीम चालवली होती. आपल्या मोरीत बसून जेवता येईल, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.) त्यांनी कोमट पाण्यात तुरटी आणि जंतुनाशक घालून पोरीला आतून धुवायला लावलं, सकाळ-संध्याकाळ, अगदी शिस्तीत. आठ दिवसांत खराब मासळीसारखा वास सुरू झाला. बाईंनी तुरटी वाढवली. वास वाढला. बाईंनी आणखी तुरटी वाढवली. समता लाजेनं बोलेना आणि बाईंना वाटलं, हिला धड धुताच येत नाही.

शेवटी बुलढाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नमुना तपासला आणि सगळं नीट समजावलं. तिथं मुळातच चांगल्या जंतूंची वस्ती असते म्हणे, साधारण विरजणातल्या जंतूंच्या भावकीतली. ते आंबटपणा राखतात म्हणून बाकीच्यांना थारा मिळत नाही. तुरटीनं ते मेले आणि नको त्यांना रान मोकळं झालं. मग अंगातले राखणदार तिथल्या तिथे जागे होऊन त्यांच्याशी भांडायला लागले, पण हे भांडण फार पेटलं तर कधी कधी कळा वेळेआधीच सुरू होतात. जाणत्या बाईंनी मात्र विरजणाचं नाव ऐकून लगेच विचारलं, “मंग दही लावू काय तिथं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, दही खा. तिथं काहीच लावू नका.” दाराबाहेर नंबर लावून बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सात दिवस गोळ्या झाल्या (तोंड कडू करणाऱ्या), पुन्हा तपासणी झाली आणि आता सगळं साफ आहे. समता दोन भाकरी खाते आणि मला बाळाची नावं सुचवायला लावते. मी फार खुशीत आहे.

तुमची
अन्नपूर्णा

ता. क. ती जाणती बाई मीच, हे तुम्ही मोरीपाशीच ओळखलं असेल.

आणखी एक ता. क. डॉक्टरीणबाईंनी चिडून विचारलं, हे धुवायला कोणी सांगितलं? मी खाली मान घातली. तर तुमची लेक म्हणाली, “म्याच मोबाईलमधी पाह्यलं होतं, मॅडम. आईले काहीच माहीत नाही.” बोलणी तिनं खाल्ली. येताना रिक्षात मी तिचा हात धरून रडले आणि ती मलाच समजावत होती. तुम्ही पुढच्या महिन्यात तिला न्यायला याल. पहिलं बाळंतपण माहेरी, तो तुमचा मान आहे, त्याच्या आड मी येणार नाही. फक्त मला महिनाभर साखरखेर्ड्याला तुमच्या घरी राहू द्या. बाळाची दुपटी धुवीन. उपाय एकही सांगणार नाही.