लिनक्सवर बालवाडीची रांग

१४ मे २०१८, नारिन शहर
तपासणीवाले येऊन गेले. बालवाडीच्या कॉम्प्युटरवर चोरीचं विंडोज आहे, आठ दिवसांत काढा म्हणाले. मुख्याध्यापिका बुरुल एजे (आम्ही किर्गिझ ताईला एजे म्हणतो, दादाला बाइके) घाबरल्या. मी नाही. फुकटचं लिनक्स टाकणार. प्रवेशाच्या रांगेचा प्रोग्राम मी तेवीस वर्षांपूर्वी याद्या ठेवायच्या फॉक्सप्रोत लिहिला, तो त्यावर चालवून दाखवणार. दोन दिवसांचं काम.

मीरिम म्हणाली, बाइके, सगळ्या बालवाड्या सरकारी ऑनलाइन रांगेत गेल्या, आपणही जाऊ. (माझी जुनी विद्यार्थिनी. वय चोवीस, अक्कल त्याच्या निम्मी.) म्हटलं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून चालतोय हा प्रोग्राम. तर म्हणते, मी पाळण्यातून उतरले बाइके, तो अजून तिथंच आहे.
संकल्प : उद्धटांशी वाद नाही. सिगरेट बंद.

२२ मे
प्रोग्राम लिनक्सवर उघडला! मेनूत अक्षरांऐवजी नुसते चौकोन. हरकत नाही, मला मेनू पाठ आहे. बुरुल एजेंना नाही. त्यांनी ‘छापा’ समजून ‘बाहेर पडा’ तीनदा दाबलं. वापरणाऱ्याची चूक.
सिगरेट : दोन.

३ जून
लेक नार्गिझा येऊन गेली. औषधांच्या दुकानाचा मालक म्हणतो, सप्टेंबरपासून पोरीला घेऊन कामावर यायचं नाही. अल्तिनाईला बालवाडी मिळाली नाही तर नोकरी गेली. मग मॉस्को, फरशा पुसायला, अर्ध्या गल्लीसारखं. मी हसलो. जागा सात, आणि नात रांगेत तिसरी. काळजी कसली?

मीरिमनं तिला सुचवलं होतं, ऑनलाइन रांगेतही नाव टाकून ठेवू. मी सक्त मनाई केली. माझीच नात तिकडे उभी राहिली तर माझ्या प्रोग्रामची काय इज्जत राहील?

१७ जून
चौकोन गेले. चाचणीला खोटी नावं हवी होती. सात पिढ्यांचे पूर्वज पाठ नसलेला किर्गिझ कसला? तेच घातले : आसान, बोरोम्बाय, चिनिबेक, पार सारीबाशपर्यंत. पण पूर्वजांना पोराटोरांच्या मागे कसं उभं करायचं? नोंदणीची तारीख सगळ्यात जुनी दिली. यादी झकास आली.

मग सातही पुसले. फॉक्सप्रोत पुसलेलं नाव जात नाही, नुसतं लपतं. कायमचं काढायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. दिली नाही. पहिलं नाव माझ्या वडिलांचं, हात धजेना. लपलेत, राहू देत.

४ जुलै
मशीन अडखळत होतं, म्हणून लिनक्स पहिल्यापासून नव्यानं टाकलं. आता लोण्यासारखं चालतंय. फॉक्सप्रोच्या सेटिंगची एक बारीकशी फाइल आणायची राहिली. कशाची होती आठवत नाही. नसेल महत्त्वाची.

२० ऑगस्ट, सकाळी ९
विजय! यादी एका दमात छापली. बुरुल एजेंनी न वाचता सही-शिक्का केला आणि दारावर लावली. मीरिमला मुद्दाम फोन करून कळवलं.

दुपारी २
प्रवेश मिळालेली सात मुलं : आसान, बोरोम्बाय, चिनिबेक, पार सारीबाशपर्यंत. जुलैत आणायची राहिलेली ती बारीकशी फाइल पुसलेली नावं लपवण्यासाठी होती.

दारात आया जमल्या. एकीनं विचारलं, बाइके, खापरपणजोबांना लापशी पातळ लागते का? दुसरी म्हणाली, दुपारी निजवायला नको हं त्यांना, झालीय त्यांची झोप. बुरुल एजे एवढंच म्हणाल्या की, तेवीस वर्षं तुला शहाणा समजले, चूक माझी.
नार्गिझानं यादी दोनदा वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही.

२७ ऑगस्ट
यादी रद्द. दुरुस्त करून पुन्हा छापतो म्हटलं, कोणी ऐकेना. जागा ऑनलाइन रांगेतून भरल्या. बाकी सगळ्यांनी मे महिन्यातच मीरिमकडून गुपचूप नावं घालून घेतली होती. बुरुल एजेंनीसुद्धा, नातवाचं. अल्तिनाईचं नाव आज घातलं. नंबर चारशे बारा.
तरी सांगतो, यादी क्रमानंच आली होती. प्रोग्राममध्ये दोष नाही.

९ सप्टेंबर
नार्गिझा मॉस्कोला गेली. बसच्या खिडकीतून म्हणाली, बाबा, पोरीला वेळेवर जेवायला घाला. आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तिला नाही, तुम्हाला सांगतेय.

१६ सप्टेंबर
दिवसभर नात माझ्याकडेच. तिला सात पूर्वज शिकवले. एका सकाळीत पाठ! बुद्धी माझ्यावर गेलीय. विचारते, हे सगळे कुठं आहेत? तिला मशीनवर दाखवलं. म्हटलं, पुसलेली माणसं जात नाहीत राणी, नुसती लपतात, आजोबांना ती परत आणता येतात.
तिनं पडद्यावर बोट ठेवलं. म्हणाली, मग आईला आणा.
सिगरेट : मोजली नाही.