बसेल त्याचं घर

सोमवार, ४ तारीख

आज नव्या घरात आलो. घर माझं नाही, पण पाठीला भिंत आहे आणि ती मेहुण्याची नाही, एवढ्यावरच जीव खूश आहे. चार खोल्या, पुढे व्हरांडा, मागे नळ आणि कपडे वाळत घालायची तार. फरशी थंडगार. स्वयंपाकघरात कुणीतरी शेगडी आणि दोन पातेली तशीच ठेवून गेलंय. व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून एक लाकडी खुर्ची आहे, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली.

कामाचं नाव राखण. करायचं काही नाही, फक्त राहायचं. वकीलसाहेबांनी सगळं उभ्याउभ्याच समजावलं. मालकाच्या पुतण्याने खोट्या मुखत्यारपत्रावर हे घर आधी बँकेकडे गहाण टाकलं आणि मग एकामागून एक तिघांना विकलं. त्या तिघांपैकी एक शेठ म्हणजे वकीलसाहेबांचे अशील. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर ज्याचा माणूस घरात त्याची बाजू जड. कसेल त्याची जमीन, तसं बसेल त्याचं घर, असं म्हणून ते स्वतःच हसले. कुलूप लावायचं नाही, कारण कुलूप म्हणजे घर रिकामं. तारेवर कपडे हवेत, खुर्चीत माणूस दिसायला हवा. आणि बदली माणूस बसल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. केस संपली की मागच्या दोन खोल्या आमच्या.

पुरावा म्हणून मला खुर्चीत बसवून त्यांनी फोटो काढला. व्हरांड्यात ऊन येत नाही, तरी खुर्ची कोमट लागली. मी टेकलो आणि फाटक उघडून पुन्हा लागलं. वारा असेल. वकीलसाहेबांनी मात्र रुमालाने मान पुसली. मी त्यांना बसा म्हटलं, पाणी विचारलं, पण त्यांना घाई होती.

बुधवार, ६ तारीख

माझ्यासारख्याला हे काम मिळावं ही देवाची थट्टाच म्हणायची. छापखान्यात उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली आणि स्वतःच्या घराच्या कागदांवर मात्र डोळे झाकून सह्या केल्या. ज्याने मला घर विकलं त्याने तेच घर आणखी दोघांना विकलं होतं, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी गहाणही टाकलं होतं. बँकेची माणसं आली, फार सभ्य होती, म्हणाली उठा. पुढे भाड्याच्या खोलीचा मालक म्हणाला उठा. मेहुणा तोंडाने काही म्हणत नाही, पण आम्ही जेवायला बसलो की पंखा बंद करतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, मेहुणा तर बोलूनचालून मेहुणा.

इथे मला कुणी उठ म्हणत नाही. दुपारभर खुर्चीत बसून होतो. इतका दमलोय हे बसल्यावरच कळलं.

रात्री हिला फोन केला. ही म्हणाली, म्हणजे आयत्या बिळावर नागोबाच की तुम्ही. मी म्हटलं, नागोबा तर नागोबा, बीळ तरी मिळालं. मग लेकीने, आमच्या चिमणीने, फोन ओढून घेतला. तिला एकच विचारायचं होतं, तिथे खुर्ची आहे का. पूर्वी मी कामावरून आलो की चपला काढायच्या आत ती माझ्या मांडीवर चढायची. मामाकडे सोफा मळतो म्हणून मामी ओरडते, तेव्हापासून ते बंदच झालं. मी सांगितलं, आहे, चांगली दणकट आहे. १७ तारखेच्या रविवारी दोघींना सामान घेऊन यायला सांगितलं. चिमणी ओरडली ती मामीलाही ऐकू गेली असेल.

शनिवार, ९ तारीख

समोर एका शिंपीणबाईंचं दुकान आहे. दिवसभर मशीन चालू. माझ्याकडे बघून मान हलवतात, पण रस्ता ओलांडून कधी येत नाहीत. आज मी जाऊन ओळख करून दिली. खुर्चीत माणूस दिसला की बरं वाटतं, म्हणाल्या. मी म्हटलं, मलाही.

तिथून कोपऱ्यावर बटाटे आणायला निघालो. विचारांच्या नादात होतो. भानावर आलो तर आपल्याच फाटकाची कडी काढत होतो, पिशवी रिकामी. दमलेलं जनावर गोठ्याकडे वळतं तसं झालं. परत जायचा कंटाळा आला. भात होताच.

सोमवार, ११ तारीख

पुन्हा तेच. या वेळी मुद्दाम मनात बटाटे, बटाटे म्हणत गेलो. दुकानाची पाटी वाचता येईल इतका जवळ गेलो होतो. मग खुर्चीत होतो. मधलं चालणं आठवत नाही.

वकीलसाहेबांना फोन केला. अशक्तपणा असेल, म्हणाले. बदली माणूस कधी मिळेल विचारलं, तर म्हणाले, तुमच्या घरची मंडळी येताहेत ना, मग बदलीची काळजी कशाला. बोलणं गोड होतं, पण मला ते आवडलं नाही.

हिला यातलं काही बोललो नाही. उगाच घाबरेल. आणि खरं सांगायचं तर दोघी येईपर्यंत मला कुठे जायचंही नाहीये.

बुधवार, १३ तारीख

फाटकापर्यंतच जाता येतं. कडीला हात लावला की पाय जड होतात, आणि डोळे मिटून उघडले की मी खुर्चीत. कपडे वाळत घालायला मागे मात्र जाता येतं. स्वयंपाकघरातही. घर मला घरात फिरू देतं.

भूक लागत नाही. शेगडी पेटवलेली नाही, तरी शिंपीणबाई दुकानातून ओरडून म्हणाल्या, आज लवकर चूल पेटली वाटतं. वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर येत होता.

घर चालू असल्यासारखं दिसायला हवं ना. तेच तर माझं काम.

शुक्रवार, १५ तारीख

पायऱ्या उतरता येत नाहीत. सकाळी तीनदा प्रयत्न केला.

दुपारी शिंपीणबाईंनी दुकान बंद केलं. दोन दिवस लेकीकडे चालल्या होत्या. पिशवी घेऊन फाटकाबाहेर थांबल्या आणि मी खुर्चीतून काही विचारलं नसताना स्वतःच बोलल्या. मनात ठेवून जाववत नव्हतं म्हणाल्या. माझ्याआधी इथे राखणदार नव्हताच. या घराचे मालक होते, ते काका. पुतण्याने घर विकल्यावर बँक आली, खरेदीदार आले, सगळ्यांनी उठा म्हटलं, पण काका खुर्चीतून उठले नाहीत. गेल्या वर्षी खुर्चीतच गेले. चौघांनी त्यांना उचलून नेलं, ते बाईंनी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर काका खुर्चीत. दिसायचे ते फक्त ओळखीच्यांना. पहिले काही दिवस भीती वाटली, मग सवय झाली. बिचारे काही त्रास देत नव्हते. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला थकलेल्या आवाजात म्हणायचे, जरा बसता का, मी आलोच. कुणी बसलं नाही. तुम्ही आलात त्या दिवसापर्यंत होते, म्हणाल्या. तुम्ही बसलात आणि ते फाटकातून गेले, भराभर, तरण्या माणसासारखे.

मी हसलो. काहीतरी उत्तरही दिलं. त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या आणि मग मला कळलं.

रविवारी चिमणी येतेय. आल्याआल्या ती कुठे बसते, हे मला माहीत आहे.

फोन स्वयंपाकघरात आहे. उठतो आणि हिला येऊ नका म्हणून —

शुक्रवार, संध्याकाळ

उठता येत नाही. रोजनिशी आणि पेन हातातच होतं, नशीब. सकाळी घरात फिरता येत होतं. आता फक्त खुर्ची उरलीय.

शनिवार

फोन वाजतोय. थांबतो. पुन्हा वाजतो. हीच असणार, काय काय आणू विचारायला.

रस्त्याने पोस्टमन गेला. त्याला ओरडून सांगायचं होतं की बायकोला निरोप द्या. तोंड उघडलं आणि आवाज आला तो — जरा बसता का, मी आलोच.

माझाच आवाज. फार थकलेला.

पोस्टमनने सायकल जोरात हाणली.

पुन्हा बोलून बघितलं. चिमणीचं नाव घ्यायचं होतं. तेच शब्द. तोंडावर हात दाबून बसलोय.

हात अजून माझा आहे. लिहिता येतंय.

शनिवार, नंतर

काकांचा राग येत नाही. सगळ्या जगाने उठा म्हटलं आणि माणूस हट्टाने बसला. मग उठावंसं वाटलं तर उठता येईना. आता मलाही कळतंय किती उठावंसं वाटतं. हाडं दुखतात. कुणीही बसावं, कुणीही, दोन मिनिटं — असं मनात येतं.

कुणीही नाही. ती नाही.

देवा, तिला ताप येऊ दे. गाडी चुकू दे.

रविवार

गल्लीच्या टोकाला दोघी. हिच्या हातात मोठी पिशवी. चिमणीने नवा फ्रॉक घातलाय.

बोललो तर बोलावणंच होईल. म्हणून तोंड घट्ट मिटून लिहितोय. पान वर धरून दाखवेन. अगं, वाच —

फाटक उघडू नकोस. पोरीचा हात सोडू नकोस. मला उठवू नका. खुर्चीत बसू नका, कुणीच — मामाकडे परत जा, पंखा बंद करतो तर करू दे —

हात सोडलास का गं

पळत येतेय. पान तिला वाचता येत नाही अजून — हसतेय —

मी बोललो नाही. शपथ, मी नाही बोललो, तोंड आपोआप —

मांडीवर बसली. केसांना तेलाचा वास.

पाय हलके झाले. किती दिवसांनी. पाठ सरळ होतेय, दुखत नाही काहीच — नाही. खुर्चीचे हात धरलेत. मी उठणार नाही. उचल तिला. लवकर ये, उचल, हात सुटताहेत माझे, मी उठ