तुझ्या वाट्याचा माळ

प्रिय चिंगी,

सोलरवाल्या मेकॅनिकने तुझ्या सहीशिवाय पुढच्या कामाला हात लावणार नाही असं सांगितलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. अकरा वर्षांनी लिहिते आहे हे मला माहीत आहे. त्यावर दोन पानं खर्च करून तुझा वेळ घेत नाही.

तू हॉस्पिटलातून निवृत्त झालीस असं कानावर आलं. गुडघे कसे आहेत? माझे वाजतात, पण चालतात. मला शाळा सोडून नऊ वर्षं झाली तरी लोक अजून हेडबाईच म्हणतात आणि मी दिसले की विड्या विझवतात.

आपल्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, आठवतं ना? त्याचं हँडल मारताना बाबांचा खांदा निखळला होता. पुढे विजेची मोटर आली, पण वीज कधी येईल आणि किती वेळ टिकेल याचा काही भरवसा नसायचा. पाच वर्षांपूर्वी आम्ही बावीस घरांनी मिळून विहीर खोल केली आणि सौर पंप बसवला. विहीर माझ्या तुकड्यात, पण तिथे झाडांची सावली. दिवसभर ऊन मिळतं ते तुझ्या माळालाच, म्हणून पॅनल तुझ्या माळावर आहेत. पाणी तिथल्या टाकीत चढतं आणि उताराने शेतांत जातं. पाळी आम्ही घड्याळावर धरत नाही, टाकीवर धरतो. प्रत्येक घराला तीन टाक्या भरतील एवढं पाणी. ढग आले आणि त्याच तीन टाक्या भरायला दोन दिवस लागले, तर पुढच्याने थांबायचं. नियम मी केला, त्यात कुणाला सूट नाही. सुरुवातीला या बावीस घरांतली एक दूधवाली माझ्याशी भांडायला आली होती. "माझ्याच पाळीला ढग आले, हेडबाई, यात माझा काय दोष?" मी म्हटलं, "दोष नाही, म्हणूनच तुझ्या तीन टाक्या पुऱ्या होईपर्यंत दुसऱ्या कुणाला चावी फिरवू देणार नाही." तेव्हापासून ती माझ्या बाजूची आहे. गेल्या उन्हाळ्यात एकाही घराचं उभं पीक वाळलं नाही. हे वाक्य मी परत परत लिहीन, इतकं मला ते आवडतं.

पॅनल रोज सकाळी, काच थंड असतानाच धुवावे लागतात. धूळ बसली की पंप मलूल होतो, आणि तापल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जायची भीती. ते काम मी स्वतःकडे ठेवलं आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी खाली एका रेषेत पडतं. त्या रेषेत हिरवे कोंब यायचे आणि मी ते उपटून फेकायचे. तण माजेल, पॅनलवर सावली पडेल, या धास्तीने चांगली दोन वर्षं उपटले. विज्ञानाची पदवी घेतलेली बाई मी! एक दिवस दूधवालीने माझ्या मुठीतलं हिसकावून घेतलं आणि नाकाशी धरलं. "अहो, हा टोमॅटो आहे! गड्यांनी जेवताना बिया टाकल्या असतील." बाहेर चटका बसून करपणारी रोपं तिथे सावलीला, ओलीवर मजेत उभी होती. आता पॅनलांखाली आमची रोपवाटिका आहे. दगड वेचून बांध घातला. तुझ्या माळावर, चिंगी, जिथे बाबांनी कधी नांगरसुद्धा नेला नाही.

आता सहीचं सांगते. खालच्या वस्तीतल्या चौदा घरांना हे पाणी पोचत नाही. तिथल्या बायका अजून डोक्यावरून हंडे आणून रोपं जगवतात. त्यांच्यासाठी तुझ्याच माळावर बसवायची पॅनलांची दुसरी रांग आणि दुसरा पंप आला आहे. खोकी शाळेच्या व्हरांड्यात पडून आहेत, आणि उन्हाळा दोन महिन्यांवर आला. मेकॅनिकने जागेचं जुनं संमतिपत्र काढलं, माझ्या सहीशेजारी धरलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. मग म्हणाला, "बाई, तुम्हा दोघी बहिणींच्या सह्या अगदी जुळ्या आहेत हो. या खेपेला धाकटीलाच करू द्या."

तुझ्या लक्षात आलंच असेल. तू गणितात काठावर पास व्हायचीस तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी ठोकायचे आणि तू दारात पहारा द्यायचीस. "ताई, शेवटचा फराटा लांब ओढ, बाबा ओढतात तसा." तोच हात पाच वर्षांपूर्वी तुझ्या नावाने फिरला. मी मनाशी म्हटलं, ती येणार नाही, विचारलं तर नाही म्हणेल, आणि माळ तर नुसता पडून आहे. या सबबी पुरेशा नव्हत्या. तेव्हाही मला ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत उभी राहून मी हे सगळ्यांना सांगितलं. मग दूधवाली म्हणाली, "म्हणजे आमच्या हेडबाईंनी कॉपी केली!" लोक इतके हसले की मला खाली बसावं लागलं. मीही हसले, लपवत नाही. हसून झाल्यावर ठराव मीच मांडला: तू नाही म्हणालीस तर दुसरी रांग होणार नाही, आणि पहिलीही तिथून उचलायची. खालच्या वस्तीतल्या चौदाही घरांनी हात वर केले.

सहीपुरता कागद नुसता टपालात टाकला असता तरी चाललं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. वाटणीच्या दिवशी तू म्हणालीस, "तुला विहीर, मला दगड. बाबांना मी एवढ्याच किमतीची होते." आणि तू निघून गेलीस. मी गप्प राहिले. बाबांनी तशी वाटणी केली नव्हती, चिंगी. जाण्याआधी ते एवढंच म्हणाले होते की दोघींनी समोरासमोर बसून ठरवा. 'बाबांची इच्छा' हे शब्द माझे होते. इथे राहून राबणार मी, तेव्हा विहीर माझी, असं मी ठरवून टाकलं होतं. अकरा वर्षं तू त्यांच्यावर रागावली आहेस. तो राग त्यांच्यावरून काढ आणि माझ्यावर धर, मी इथेच आहे. आणि वाटणी पुन्हा करू. या वेळी आधी तू निवड. विहीर म्हणालीस तर विहीर. अट काही नाही. हेडबाई अट न घालता बोलल्या असं तू इथे कुणाला सांगितलंस तर कुणाचा विश्वास बसणार नाही. मला सकाळी त्या काचा पुसायला मिळाल्या की पुरे, त्या वेळी मी फार सुखात असते. सही नंतर कर, नाहीतर करू नकोस. आधी येऊन तुझा माळ बघ.

तुझीच,
ताई

ता. क. मेकॅनिक सामान आणायला तुझ्या शहरात येतो आहे. त्याच्या हाती दिलं ते असं: हे पत्र. कोरं संमतिपत्र, एक. जुनं संमतिपत्र, माझ्या हातच्या सहीचं, एक. फाडायचं की ठेवायचं ते तू बघ. टोमॅटोचं बी, तुझ्या माळावरचं, कागदात गुंडाळून. माळाच्या फाटकाची किल्ली, एक. दुसरी केलेली नाही. तू येईपर्यंत फाटकाला कुलूप लावणार नाही.